बुटक्यांच्या बायका

माझ्या आत्याला हनुवटीवर केस यायचे आणि त्यासाठी ती मार खायची. तिच्या नवऱ्याला आम्ही मामा म्हणायचो. मामा रोह्याला कंपनीत होता. शिफ्ट संपवून घरी आला की बूट काढायच्या आधी तो आत्याची हनुवटी धरून उजेडाकडे वळवायचा. बोटाला केस टोचले तर तिथंच एक थोबाडीत. "मी बायको आनलीय का भाऊ?" असं तो शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारायचा. म्हणून आत्या दुपारी दाराला कडी घालून चिमट्यानं एकेक केस उपटत बसायची. हनुवटी लालबुंद व्हायची. मग ती लाल का दिसते म्हणून संध्याकाळी पुन्हा मार.

आमच्या पेणच्या घरी फार वेगळं होतं असं नाही. बाबांचं डोकं फिरलं की आईच्या आणि माझ्या पाठीत धपाटे बसायचे, कधी पट्टाही निघायचा. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत मला रोह्याला पाठवलं तेव्हा मी मार बघून दचकले वगैरे नाही. मला चीड यायची ती मामाच्या हसण्याची. तो मारताना हसायचा. बाबा निदान हसत नसत.

मामाचा दुसरा राग आत्याच्या बोलण्यावर होता. आमची माणसं पेणच्या खाडीकडची, मिठागरावर राबलेली. आमच्याकडे बायकासुद्धा 'मी येतो', 'मी करतो' असंच बोलायच्या. शाळेतल्या बाईंनी कान पिळून माझं 'जातो'चं 'जाते' करून घेतलं होतं. आत्या शाळेत फार टिकली नाही, तिचं तसंच राहिलं. मामा रोह्याच्या बाजारपेठेत वाढलेला. "आधीच दाढी, वर जातो-येतो! चाळीतली लोकं मला काय म्हनत असतील?" असं म्हणून तो त्या एका अक्षरासाठी हात उचलायचा.

त्या वर्षी मी पेणच्या रद्दीवाल्याकडून एक जाड पुस्तक उचललं होतं. कव्हर फाटलेलं, सुरुवातीची पानं गायब, त्यामुळे ते कुणी लिहिलं हे मला आजतागायत माहीत नाही. डोंगराच्या पोटात राहणाऱ्या बुटक्यांची गोष्ट होती. लांब दाढ्या, हातात कुऱ्हाडी, आणि पानोपानी लढाया. आत्या तांदूळ निवडायची आणि मी वाचून दाखवायची. मुंडकी उडायला लागली की आत्याचा हात थांबायचा. एवढ्या शांत बाईला कापाकापी इतकी आवडेल असं वाटलं नव्हतं.

एक दिवस ती म्हणाली, "सगले बाप्येच हायत का गो? बाया नाय त्यांच्यात? मंग ही सगली जल्मली कशी?"

याचं उत्तर पुढं एका ओळीत आलं. बुटक्यांच्या बायकांनाही दाढी असते, त्याही तशाच चिलखतं घालतात, तशीच कुऱ्हाड धरतात, आणि परक्या माणसाला त्या ओळखू येत नाहीत. बस, एवढंच. पुढच्या ओळीत लेखक निघाला पुन्हा लढाईला. मी अशी भडकले! पुढं अशा गोष्टी आणखी वाचल्या, आणि जवळजवळ सगळीकडे हीच रीत सापडली. बाईला दाढी द्यायला तयार, पण गोष्टीत जागा द्यायला कुणी तयार नाही.

आत्या मात्र त्या ओळीशीच थांबली. "दाढी हाय त्यांना?"

"हो."

"आनि नवरे काय बोलत नाय?"

"त्यांना पण असतेच ना."

"मंग बोलनार काय, डोंबल!" आत्या एवढी हसली की सुपातले तांदूळ सांडले. "आनि बोलत पन सारखंच असतील. मी जातो, मी मारतो." त्यानंतर प्रत्येक लढाईत ती बाया शोधायला लागली. कुणी बुटका पडला की म्हणायची, "ह्यो बाप्या." कुणी दोघांना आडवं केलं की, "ही बाई हाय. बघ कसं मारलान!"

आणि तिनं केस उपटणं बंद केलं. मला सांगितलं काहीच नाही. मामाची तेव्हा शिफ्ट अशी होती की दिवसाउजेडी तो घरी नसायचा आणि रात्री दमून अंधारातच झोपायचा, म्हणून काही दिवस निभावलं. मी मात्र रोज तिची हनुवटी बघत होते. आता हा हिला मारून टाकणार, एवढंच मला दिसत होतं.

मग त्याची शिफ्ट बदलली. तो दुपारी जेवायला बसला आणि त्यानं वर बघितलं. हनुवटीवरचे केस त्याला दिसले. आत्या भाताचं पातेलं घेऊन वाकली. "भात वाढतो."

"वाढते बोल."

"वाढतो."

थोबाडीत बसली. "वाढते बोल!"

"वाढतो."

पुन्हा बसली, आणि पुन्हा. प्रत्येक वेळी आत्या तेच म्हणत होती, न ओरडता. तिच्या नाकातून रक्त आलं आणि भातात पडलं. मामा उठला आणि हसत हसत आपला वस्तरा घेऊन आला. "ये, तुझी दाढी करतो." त्यानं तिला खाली पाडलं, छातीवर गुडघा दिला आणि कोरड्या हनुवटीवर वस्तरा ओढला. कातडी सोलली गेली. मी त्याच्या पाठीवर बुक्क्या मारल्या, त्यानं मला कोपरानं भिंतीवर भिरकावलं. माझा ओठ फुटला.

आत्याचं डोकं पाट्याजवळ होतं. मामानं तोल सांभाळायला एक हात जमिनीवर टेकला होता. आत्याचा हात चाचपडत वरवंट्यापर्यंत गेला आणि तिनं तो त्या टेकलेल्या हातावर आणला. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. मामा किंचाळला, वस्तरा पडला, आणि आत्यानं तिथंच दुसऱ्यांदा मारलं. दुसऱ्यांदा मारायची काही गरज नव्हती. मला फार आनंद झाला, आणि तो लपवायची मला आजही गरज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा आले. मामाच्या लोकांनी बैठक भरवली. हिनं नवऱ्याचे पाय धरावेत, मग ठेवून घेऊ, असं ठरलं. आत्या जागची हलली नाही. शेवटी बाबा आम्हा दोघींना घेऊन यष्टीत बसले. नागोठण्याला ते तिला म्हणाले, "तोंडावर पदर घे." तिनं घेतला नाही.

थोडे दिवस गेले. गावात कुजबुज सुरू झाली, बाबांना बाहेर तोंड दाखवायला लाज वाटायला लागली. एका सकाळी ते आत्याला म्हणाले, "आवर. तुला रोह्याला सोडून येतो."

"मी नाय जानार, दादा."

बाबा उठले आणि त्यांनी हात उगारला. आईनं सवयीनं मला मागं ओढलं. आत्या मागं सरली नाही. हनुवटीवर खपली होती आणि खपलीच्या कडेनं केस वाढले होते.

"मार," ती म्हणाली. "पन मंग तुजी बी बोटं मी ठेवनार नाय."

बाबांनी तिच्या हातांकडे बघितलं. मग तोच उगारलेला हात वळवून त्यांनी खुंटीवरचा सदरा काढला, जणू त्यासाठीच उचलला होता, आणि चहा न घेता बाहेर पडले.

आत्या आमच्याकडेच राहिली. त्यानंतर आमच्या घरात कुणा बाईला मार बसला नाही. बाबांना पश्चात्ताप झाला असं सांगायला मला आवडलं असतं, पण ते नुसते घाबरले होते. आईला तेवढं पुरलं, आणि मलाही.