सोनटक्क्याखालचा झरा

सासूबाईंनी माझं कौतुक आयुष्यात एकदाच केलं. ते दुपारच्या जेवणापर्यंतही टिकलं नाही.

माझं माहेर माणदेशातलं, कोरडं ठणठणीत. सासर समुद्रकाठच्या माहीम गावचं: विहीर, वाडी, पानवेली. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे आम्ही कारखान्याजवळ सरावलीत बैठं घर घेतलं आणि मी हौसेने सासूबाईंकडे सोनटक्क्याचा गड्डा मागितला.

"ने," त्या म्हणाल्या. "पन तुज्या हाताला नाय यायचा. सोनटक्क्याचे पाय पान्यात लागतात. तुमच्याकडं कुसळं उगवतात."

गड्डा वाळला. दुसराही वाळला. (फुलाला बादलीभर पाणी ओतायचं म्हटलं की माझा हात आखडतो. आमच्याकडे तेवढ्यात दोन माणसांच्या अंघोळी होतात!) दर खेपेला नवा गड्डा मागायचा आणि दर खेपेला कुसळं ऐकायची.

शेवटी एक घराच्या मागच्या कोपऱ्यात लावला आणि तो तरारलाच. भर मे महिन्यात तिथली माती ओली!

नवरा म्हणाला, "प्लंबरला दाखवूया का?"

"कशाला? झरा आहे तो."

"झरा? सरावलीत?"

"समुद्र एवढा जवळ आहे, जमिनीला पाणी असणारच. तुम्हा लोकांना पाण्याची किंमत नाही!"

(माणदेशी बाई पाण्यावर बोलायला लागली की माहीमचा माणूस गप्प बसतो. या एका वेळी बसायला नको होता.)

त्या वर्षी दिरांच्या घराचं काम निघालं, म्हणून गणपती आमच्याकडे आला आणि त्याच्यामागून सगळं माहीम. सोनटक्का माझ्या डोक्याच्या वर गेलेला, पांढराशुभ्र फुललेला. सासूबाईंनी स्वतः फुलं खुडली, स्वतः हार केला, बाप्पाला घातला. मग जावांच्या देखत म्हणाल्या, "सूनबाय, चुकले मी. असा सोनटक्का आमच्या वाडीत पन नाय."

"खाली झरा आहे ना!" म्हणत मी आत गेले आणि खिरीत दुसऱ्यांदा साखर घातली.

"मला याचा गड्डा दे. माहीमला लावते."

त्या माझ्याकडे मागत होत्या! मी नवऱ्याच्या हातात पहार दिली. "खोल खणा हो. आईंना चांगला मोठा द्या!"

पहार कशावर तरी खणकन आपटली. नेमका त्याच क्षणी आतून कोणीतरी फ्लश ओढला, आणि माझा झरा उसळून वर आला. वासासकट.

सासूबाईंनी खड्ड्यातल्या पाइपाकडे पाहिलं. मग संडासाच्या भिंतीकडे. मग दारातून आत, हार घातलेल्या बाप्पाकडे.

"अगो बाय! ह्यो झरा हाय?"

हार उतरला. बाप्पाची क्षमा मागून झाली. सासूबाईंनी पुन्हा अंघोळ केली आणि खिरीला हात लावला नाही. पाइप कित्येक महिने फुटलेला होता, असं प्लंबर हसू दाबत म्हणाला. नवरा तेवढंही दाबत नव्हता.

निघताना सासूबाई म्हणाल्या, "झाड चांगलं वाढवलंस हां. पन एकटीचं नाव नको सांगू. घरातल्या सगळ्यांचा हातभार हाय त्याला."

माहीमच्या प्रत्येक लग्नात हे वाक्य अजून ऐकवलं जातं.

पाइप दुरुस्त झाला, ओल गेली, दिवाळीपर्यंत सोनटक्काही गेला. आता त्या कोपऱ्यात कोरफड आहे. पाणी मागत नाही, कौतुक मागत नाही आणि मिळतही नाही. आमचं दोघींचं छान जमतं.