लाल टिकलीची कॅसेट

लग्नाच्या शूटिंगवाल्यांकडं किस्से साचतातच. बाकीच्यांचे हसायचे असतात, माझे सगळे घाबरायचे! विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस, बाजार कधी बंद पडेल नेम नसायचा. परभणीत दिगंबरकाकांच्या दुकानात मी एडिटिंग करायचो.

काकांचा कायदा कडक. मूळ कॅसेटला लाल टिकली, रंग सुधारलेल्या कॉपीला पिवळी, नावं टाकलेल्या फायनलला हिरवी. टिकल्या काकूंच्या पाकिटातल्या! शिवाय मूळ कॅसेटची पाठीमागची प्लास्टिकची पट्टी मोडायची, म्हणजे तिच्यावर रेकॉर्डिंग होत नाही. जुनी कॅसेट पुन्हा वापरायची तर तिथं सेलोटेप लावायचा.

"लाल पुसलीस तर तोंड दाखवू नको," काका म्हणायचे.

*

एकदा टिकल्या संपल्या. काकू माहेरी, सोनपेठला. काकांनी तीन दिवस एडिटिंगच बंद ठेवलं! "टिकलीबिगर कॅसेटला हात लावायचा न्हाई." गिऱ्हाइकं बोंबलत परत गेली.

*

बोरीच्या लग्नात काका शूटिंग करायलते, लाईट माझ्याकडं. नवरीचे वडील किसनराव, त्यांच्या तोंडावरच हॅलोजन धरला.

"आरं, डोळे फोडायलास का? हटव तो!" म्हाताऱ्यानं काठी उगारली. मी लाईटसकट मांडवाबाहेर!

*

त्याच लग्नाची पहिली कॉपी मी बिघडवली. रंगाचं बटण जास्त फिरलं, सगळं वऱ्हाड लालभडक. पिवळ्या टिकलीवर फुली मारून ती माळ्यावर टाकली. दुसरी काढायच्या आधीच बाजार बंद पडला, फायनल राहूनच गेली. फुलीची कॅसेटसुद्धा गिऱ्हाईक येईपर्यंत पुसायची नाही, हाही काकांचाच कायदा.

*

महिन्याभरानं किसनरावांच्या बायको दुकानात आल्या. "मालक गेले. फोटोबी न्हाई त्यांचा. कॅसेटीत दिसतेत म्हणं?"

मी मूळ कॅसेट लावली. टीव्हीवर भलत्याचंच लग्न! डब्यात बघतो तर लाल टिकली गळून तळाशी पडलेली. जुनी समजून सेलोटेप मीच लावला होता.

काकांनी उठून माळ्यावरची फुलीची कॅसेट काढली, लावली. पडद्यावर किसनराव काठी उगारून ओरडायलते. तोंड लालेलाल! आता ही बाई काय म्हणेल, या भीतीनं मी दाराशी जाऊन उभा राहिलो.

त्या टीव्हीजवळ सरकल्या. "आसेच लाल व्हायचे, राग आला की. कुणावर चिडलेत हे?"

"माझ्यावर, मावशी. लाईट डोळ्यात मारला म्हणून."

त्यांनी डोळ्याला पदर लावला.

"मंग आजून एकदा चिडवा त्यायला."