सगळ्या गावाचं पितळ

लग्नघरी खरकट्या भांड्यांचा ढीग कुणी रचत नाही, तो आपोआप रचला जातो. आमच्या भांडीमंडळाचे किस्सेही तसेच. आठवायला बसलो की एकाखालून दुसरा निघतो, आणि मालेगावच्या रस्त्याकडेचं आमचं गाव धुरकट उन्हात पुन्हा डोळ्यांपुढे तरंगायला लागतं.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. गावात लग्न निघालं की मोठी भांडी बड्या घरांतून मागून आणावी लागत. ज्याची ओळख त्याला मिळत. नाल्यापलीकडच्या पुऱ्याला मात्र कुणीच देत नसे. अस्पृश्य म्हणून ज्यांना गावच्या विहिरीवर येऊ देत नव्हते, त्यांची ती वस्ती. तिथली लग्नं मातीच्या मडक्यांवर व्हायची.

सखारामभाऊंच्या मनात आलं, घरोघरचं मोडकं पितळ गोळा करावं, त्याची भांडी ओतून घ्यावी आणि ती सगळ्या गावाची म्हणून ठेवावी. भाऊ साधे शेतकरी. आवाज इतका मऊ की बैलही त्यांचं ऐकायला मान वळवायचे. त्यासाठी काढलेल्या मंडळात ते, गयाबाई तेलीण, पुऱ्यातले किसनबुवा आणि मी. मला घेतलं, कारण माझ्याकडे बैलगाडी होती!

*

पितळ मागत गाडी गल्लीगल्लीतून फिरली. कुणी पाय तुटलेली समई दिली, कुणी बूड गेलेली कळशी. गयाबाईंनी आपल्या नवऱ्याचा तांब्या आणला. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तांब्या चांगला होता, फक्त एका बाजूला चेपलेला. गयाबाई तो पोटाशी धरून उभ्या राहिल्या. भाऊ म्हणाले, आठवण असेल तर राहू द्या, आमचं काही म्हणणं नाही.

"आठवनच हाये," गयाबाई म्हणाल्या. "हाच फेकून मारे मले. आता याले लोकाईले जेवू घालू द्या."

आणि तांब्या गाडीत टाकला.

*

ओताऱ्याची भट्टी किन्हीराजा गावाच्या वाटेवर, एका चिंचेखाली होती. आम्ही पोचलो तेव्हा पितळ वितळवायची मूस लाल झाली होती. आमचं पितळ तिच्यात पडलं आणि वर हिरवट ज्योत हलायला लागली. मी ती बघतच बसलो. सगळं गाव त्या मुशीत पातळ होऊन डुलतंय असं वाटत होतं.

तेवढ्यात वरच्या गल्लीतले दोघं धापा टाकत आले. पुऱ्यातूनही पितळ आलंय हे त्यांच्या कानावर गेलं होतं. ते वेगळं ओता, नाहीतर आमचं परत द्या, असं त्यांचं म्हणणं. ओतारी म्हातारा होता. त्यानं चिमटा पुढे केला.

"मंधीच हाये सारं. आपापलं वळखून काढून घ्या."

दोघं जरा वेळ आत बघत राहिले. मग घाम पुसत आले तसे परत गेले.

*

पुऱ्यातलं पहिलं लग्न किसनबुवांच्या मुलीचं. त्या पितळाचं ओतलेलं मोठं पातेलं तिकडे जाणार म्हटल्यावर गावात कुजबुज सुरू झाली. माझ्या वडलांनी गाडीचं जू कुठंतरी लपवून ठेवलं.

मी तोंड पाडून भाऊंकडे गेलो. भाऊंच्याही घरी धुसफूस चालली होती. भीती त्यांनाही वाटत होती. मग उठून त्यांनी एक बांबू आणला, पातेल्याच्या कड्यांतून ओवला, एक टोक आपल्या खांद्यावर घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. मी दुसरं टोक उचललं.

पळस फुललेला होता. ओट्याओट्यांवर माणसं उभी होती. ते पिवळंधमक पातेलं आमच्या मधोमध हलत होतं, आणि नाल्याच्या पाण्यात त्याचं दुसरं पातेलं आमच्यासोबत चालत होतं.

त्यानंतर भाऊंच्या बायकोनं त्यांना स्वयंपाकघरात घेणं बंद केलं. भाऊ बाहेर जेवायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, "ओट्यावर हवा बाकी चांगली लागते."

*

पातेलं परत आलं ते नव्यासारखं लखलखत. बघायला बायका जमल्या. एक जण किसनबुवांच्या बायकोला, सारजाबाईला म्हणाली की यापुढे आमच्याही लग्नाची भांडी तुमच्याकडेच घासायला देऊ.

सारजाबाईनं पदर सारखा केला. "चिच अन् राख तं तुमच्याबी घरी हाये ना, बाई," एवढंच म्हणाली आणि सावकाश नाल्याकडे निघून गेली.

*

पुढे एकदा एकाच दिवशी दोन लग्नं आली. एक पुऱ्यात, एक देवराव पाटलांकडे. पाटील वरच्या गल्लीतले सगळ्यांत बडे. घरची भांडी होती, म्हणून मंडळाकडे ते कधी आलेच नव्हते. पण कामरगावहून वऱ्हाड आलं ते सांगितल्याच्या दुप्पट. भांडी कमी पडली आणि मंडळाचं पातेलं तर पुऱ्यात गेलेलं. व्याह्यांपुढे अब्रू जायची वेळ. पाटील स्वतः माझ्या गाडीत येऊन बसले. आम्ही नाला ओलांडला.

पुऱ्यात आंब्याच्या सावलीत पंगत बसली होती. उन्हाचे कवडसे पत्रावळींवर हलत होते. किसनबुवा हात पुसत पुढे आले. पाटलांनी जमिनीकडे बघत अडचण सांगितली. बुवांनी पातेल्यात डोकावून पाहिलं.

"देतो ना. पन मंधी वरन हाये. लोकं जेवून राह्यले."

"किती वेळ लागंन?"

बुवांनी पंगतीकडे नजर टाकली. टोकाला एक पाट रिकामा होता.

"जेवनारं एक मानूस वाढलं, तं लवकर रिकामं व्हईन, पाटील."

सगळी पंगत थांबली. पाटील मला म्हणाले, "तू बैलाईले पानी दाखव."

मी बैल नाल्यावर नेले. ते सावकाश पाणी प्यायले, मीही त्यांना घाई केली नाही. परत आलो तेव्हा देवराव पाटील पागोटं मांडीवर ठेवून बसले होते आणि वाढणाऱ्या सारजाबाईला म्हणत होते,

"आनखी वाढ, बाई. पातेलं रिकामं कराचं हाये."