ओढ्यातून निघताना

नंदिगड्ड्याच्या आमच्या ओढ्यावर तो महिन्यातून एकदा यायचा. किनाऱ्यावरच्या कुठल्याशा प्रयोगशाळेचा माणूस. ओढ्यातल्या आणि पाळलेल्या सुंगटांना, म्हणजे कोळंबीला, विषाणूचा रोग लागलाय का ते बघणं हे त्याचं काम.

पकडलेलं सुंगट तो आधी उन्हात धरायचा. त्याच्या काचेसारख्या अंगातून पलीकडचं रान हिरवं दिसायचं. तो इतका वेळ बघत राहायचा की मलाच गुंगी यायची. मग पोटाखालच्या एका पायाचं टोक कापून तो नळीत टाकायचा आणि "जा बाये" म्हणून सुंगट पाण्यात सोडायचा. निघताना बाटलीतलं औषध ओतून जाळं आणि स्वतःचे पाय धूत बसायचा. देवळात शिरताना पाय धुणारे पुष्कळ बघितलेत. ओढ्यातून निघताना धुणारा हा एकटाच.

"पुढच्या ओढ्यावर जायचं हाय," एवढंच म्हणायचा.

यंदा मी किनाऱ्यावरून सुंगटांची पिल्लं आणून माझ्या तळ्यात सोडली. त्यातलंही एक त्यानं उन्हात धरलं. मला ते ठणठणीत दिसलं.

पंधरा दिवसांनी आला तो थेट तळ्यावर, आणि ओढ्याकडं जाणारी पाण्याची वाट मातीनं बुजवू लागला. मीही उतरलो.

"तुमच्या तळ्यात रोग निघाला. ओढ्यात अजून न्हाई."

"माणसाला काय होतंय का?"

"माणसाला काय होत न्हाई. माणूस नुसता घेऊन फिरतो."

माझे पाय घोट्यापर्यंत तळ्याच्या चिखलात होते, आणि घर ओढ्यापलीकडं. त्यानं माझ्याकडं न बघता बाटली पुढं सरकवली.