नळाला घातलेली माळ

आमचं गाव मिरजगावच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावरचं. तिथल्या पाणीयोजनेचं उद्घाटन तीनदा झालं, पाणी मात्र एकदाही आलं नाही. तिसऱ्या उद्घाटनानंतर पंधराएक दिवसांनी मी माझी पिठाची गिरणी बंद करून घरी निघाले आणि जाताजाता चौकातल्या नळाला झेंडूची माळ घातली. फोटो काढून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आमच्या लाडक्या नळाचं अल्पशा आजारानं दुःखद निधन. शोकाकुल : समस्त हंडे-कळशी परिवार.’

गाव लई हसलं. मलाही जरा चढलीच.

तिसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यातून फोन. “ताई, तुमी ऑनलाईन कुनाला मारलंय का?”

झालं होतं असं की नळामागच्या पाटीवर उद्घाटन करणाऱ्या पुढाऱ्याचं नाव होतं आणि माझ्या फोटोत ते बरोबर माळेच्या वर आलं होतं. त्याच्या कार्यकर्त्यानं तक्रार दिली : जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली, भावना दुखावल्या, सायबर गुन्हा दाखल करा.

घरी सांगितलं तर नवऱ्यानं आधी स्वतःच्या प्रोफाईलवरचा आमचा जोडीचा फोटो काढून तिथं गणपती लावला. मग म्हणाला, “चल, येतो बरोबर.”

ठाण्यात साहेबांनी मजकूर मोठ्यानं वाचायला घेतला. शोकाकुल परिवारापाशी त्यांना ठसका लागला. महिला पोलीस एकदम खिडकीबाहेर बघायला लागली.

“हे हंडे कुठले?” साहेबांनी चेहरा सारखा करत विचारलं.

“घरातलेच, साहेब. रिकामे.”

पण मग त्यांनी पुस्तक उघडून कलम वाचलं. तीन वर्षांपर्यंत शिक्षा. मोबाईल जप्त करावा लागेल, म्हणाले. तिथं माझं हसू संपलं. आई गेली त्याआधी तिनं पाठवलेले बोलके मेसेज त्या मोबाईलमध्ये होते. एका नळापायी आईचा आवाज ठाण्याच्या कपाटात जाणार होता.

व्हरांड्यात येऊन नगरला वकिली करणाऱ्या मामेभावाला फोन लावला. कलमाचा आकडा ऐकून तो खो खो हसला. “ताई, ते कलम सुप्रीम कोर्टानं केव्हाच रद्द केलंय. मेलंय ते!”

“मेलेल्यानं मला घाम फोडलाय. तूच बोल साहेबांशी.”

तो बोलला. साहेबांनी पुस्तकाच्या पहिल्या पानावरचं साल बघितलं आणि पुस्तक खणात टाकलं. शेवटी नुसता जबाब घेतला : ‘मयत हा नळ असून पाटीवरील व्यक्ती हयात आहे.’ मी सही केली.

गुन्हा काही दाखल झाला नाही. ग्रुप मात्र गप्प झाला. आधी रस्त्यातले खड्डे, शाळेची गळकी खोली, सगळं तिथं यायचं. आता वाढदिवस आणि शुभ सकाळ. मला कुणी बोल लावला नाही, आणि तेच जास्त लागलं. मीसुद्धा दोनदा लिहिलं आणि पाठवायच्या आधी पुसून टाकलं. फोटोत मागं कुणाचं नाव तर नाही ना, हे बोटांनी मोठं करून बघत बसायचे.

एके दिवशी शेजारची चाची दळण घेऊन आली. रेशनचा गहू ओला होता, मुठीत धरला की गोळा होत होता.

“हे दळता यायचं न्हाई, चाची.”

“मंग टाक की तुझ्या मोबाईलवर. समद्यांस्नी दिसू दे.”

“पोलीस मोबाईल नेतात.”

“माझं नाव टाक. माझ्याकडं मोबाईलच न्हाई. काय नेत्याल?”

मी मुठीचा फोटो काढला, दोन ओळी लिहिल्या. चाचीचं नाव टाकलं, खाली माझं टाकलं आणि पाठवलं. मग रांगेतल्या पुढच्या बाईची बाजरी ओतून गिरणी चालू केली. गिरणीच्या आवाजात फोन वाजला तरी ऐकू येत नाही.