सरूबाईचा गंधार

महिपतीभाऊ माझ्या मुलीला, शालूला, पेटी शिकवायला येऊ लागले तेव्हा लढाई सुरू होऊन वर्ष उलटलं होतं. लोणावळ्याच्या रेल्वे कारखान्यात ते फिटर होते, आणि स्टेशनामागच्या देवळात बसणाऱ्या भजनी मंडळाची पेटी वाजवत. मंडळाची ती एकुलती एक पेटी त्यांच्याच घरी असे. शिकवायला येताना ते ती घोंगडीत गुंडाळून आणत. पावसात स्वतः भिजत, पण पेटीवर थेंब पडू देत नसत.

लहानपणी शालूचा एक कान फुटला होता. तिला नीट ऐकू येतं की नाही, ही धास्ती माझ्या मनातून कधी गेलीच नाही. म्हणून शिकवणी चालली की मी दाराशी तांदूळ निवडत बसे आणि तिचा सूर पेटीच्या सुराला मिळतो का, तेवढंच ऐके. त्यामुळे महिपतीभाऊंची एक खोड माझ्या ध्यानात आली. शालू खेळायला पळाली की ते एक ओवीची चाल हळू वाजवत. तिसऱ्या चरणाशी आले की थांबत, मान हलवत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

एकदा मी विचारलं, "ही कुठली चाल, भाऊ?"

"आमच्या सरूची, बाई. जात्यावरची."

सरूबाई त्यांची बायको, तिकोणा पेठेची. दोन वर्षांपूर्वी तापाने गेली. पहाटे ती दळायला बसली की महिपतीभाऊ पेटी घेऊन साथ करू पाहत. ती जातं थांबवून म्हणे, "तुमची पेटी लय ताठ हाय. जरा वाकाया शिकवा तिला." ते हसण्यावारी नेत. आता ती नव्हती आणि तिसऱ्या चरणातला तिचा गंधार पेटीवर सापडत नव्हता.

"पट्टी तर हीच हाय," ते बोट ठेवून म्हणाले, "पर सरू न्हाई हितं. मला वाटतंय, मीच इसराया लागलो तिचा सूर. मानूस गेलं ते गेलं, आता आवाज बी चालला."

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकले होते. तारेवरचे प्रयोग हातांनी केले होते. मला वाटलं, विसरले नसतील कदाचित. मी त्यांना कारखान्यातून थोडी पोलादी तार आणायला सांगितली. एका फळीवर ती ताणून बांधली, खाली सरकवता येईल अशी लाकडाची घोडी ठेवली. सरूबाईचा सा काळी पाचचा, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीचा, तेवढ्याला तार लावून घेतली. मग तारेचे पाच सारखे भाग मोजले आणि चार भाग वाजतील अशी घोडी सरकवली.

"आता छेडा."

त्यांनी छेडली. एकदा, दोनदा. मग पेटीची पट्टी दाबून पाहिली आणि पुन्हा तार छेडली. पेटीचा सूर चढा होता. केसभरच, पण होता.

"ह्योच," ते म्हणाले, आणि बराच वेळ तार छेडत राहिले.

मी त्यांना समजावून सांगितलं ते असं. तार अर्धी केली की वरचा सा बोलतो, दोन तृतीयांश ठेवली की पंचम, चार पंचमांश ठेवली की हा गंधार. जुन्या ग्रंथकारांनी वीणेच्या तारेवर सूर बसवले ते असेच लांबी मोजून. त्याआधी आणि त्यानंतर कितीतरी बायका न मोजता गळ्याने तिथेच जाऊन पोचल्या. पेटी मात्र विलायतेतून आली. तिथल्या कारागिरांना कोणत्याही पट्टीला सा धरता यावा अशी सोय हवी होती, म्हणून त्यांनी सप्तकाच्या बारा पायऱ्या सारख्या उंचीच्या केल्या. त्यात पंचम जवळजवळ जागेवर राहिला, गंधार चढला. "तुमची आठवण खरी आहे, भाऊ. पेटी खोटं बोलते."

त्यांचा चेहरा मोकळा झाला. पण तारेवरचा सूर ठणकन उठतो आणि विझतो. ओवीतला सूर श्वास पुरेल तोवर राहतो. तसा लांब सूर फक्त पेटीचा भाता देऊ शकत होता, आणि हे त्यांच्याही लक्षात आलं.

पुढच्या आठवड्यात शालू पंचमाला अडखळू लागली. पेटी एक म्हणे, ती दुसरंच. मी तिला दोनदा, तीनदा गायला लावलं. ती रडकुंडीला आली. अखेर कान बिघडलाच, असं माझ्या मनात आलं. पुण्याच्या डॉक्टरांकडे जायचं मी ठरवूनही टाकलं होतं. महिपतीभाऊ खाली मान घालून बसले होते.

"पोरीचा कान बरा हाय, बाई. म्या पत्ती घासली."

पेटीत प्रत्येक पट्टीखाली एक पितळी पत्ती थरथरून बोलते; ती मुळाशी घासली की सूर उतरतो, टोकाशी घासली की चढतो. फिटरच्या हाताला ते काम अवघड नव्हतं. सरूबाईचा गंधार त्यांना मिळाला. पण मंडळ गात असे पांढरी पाचमध्ये, शालूलाही त्यांनी तोच सा दिला होता, आणि सरूबाईच्या गंधाराची पट्टी तीच त्या 'सा'च्या पंचमाची. एकाच पट्टीवर दोघांचं भागेना.

गुरुवारी देवळात व्हायचं तेच झालं. आम्ही बायका खांबाशी बसलो होतो. मंडळात पुढे बसून गाणाऱ्या भिमाजीबुवांनी अभंग मध्येच थांबवला. "महिपत्या, पंचम हाय का रुसल्याला जावई? बोलवतोय तर म्होरं येईना."

महिपतीभाऊंनी खरं ते सांगितलं. टाळ खाली ठेवले गेले. भिमाजीबुवा सरूबाईच्या हातची भाकरी खाल्लेला माणूस. ते म्हणाले, "मग ऱ्हाऊ दे तशीच. आमीच काळी पाचला जातू."

गेले. काळी पाच तीन पट्ट्या वर, तरी पहिला अभंग कसाबसा निभावला. दुसऱ्याला बुवांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, आणि कोंडाजी टाळकरी खोकत म्हणाला, "बुवा, हितं गायला कोंबडा आणाया पायजे." सगळे हसले. बुवा मात्र म्हणाले, "हुईल सवय." पुढच्या गुरुवारी त्यांचा घसा पार बसला होता आणि तरीही ते गायला बसले.

महिपतीभाऊंना ते बघवेना. घासलेली पत्ती काढून जपता यावी म्हणून मी पुण्याच्या दुकानात नव्या पत्तीची चौकशी करवली होती. लढाईमुळे बाहेरून माल येत नव्हता. ते आमच्या ओट्यावर पेटी उघडून बसले. आधी सरूबाईची ओवी सबंध वाजवली. तिसऱ्या चरणाला भाता संपेपर्यंत बोट उचललं नाही. मग कानस काढली.

मी म्हटलं, "सूर कुठे जात नाही, भाऊ. सा लावला की तो असतोच तिथे."

"आसंल की," ते पत्तीच्या टोकावर कानस फिरवत म्हणाले. "लावनारी न्हाई."

भजन पूर्वीसारखं सुरू झालं, शालूचा पंचमही जुळला, आणि मी सुटकेचा श्वास टाकला. महिपतीभाऊ नोकरी संपवून गावी गेले त्याला आता वर्ष होईल. जाईपर्यंत ते शिकवणीनंतर ती चाल वाजवत. फक्त तिसऱ्या चरणाशी आले की गंधाराची पट्टी दाबत नसत. बोट तिच्यावर नुसतं धरलेलं असे, डावा हात भाता हलवत राही, आणि एका श्वासाची जागा तशीच मोकळी सोडून ते चौथ्या चरणाला लागत.