टाकी भरायची म्हणजे भरायची

नवरा नोकरीसाठी मस्कतला गेला आणि त्याची मोटारसायकल पडवीत ताडपत्रीखाली पडून राहिली. मी ती बाहेर काढली, धाकट्या दिराकडून चालवायला शिकले आणि दिघीहून मुरुडच्या दवाखान्यात रोज तिच्यावरून कामाला जाऊ लागले. मध्ये खाडी आहे, तेवढी गाडीसकट फेरीबोटीतून ओलांडायची.

पेट्रोल पुन्हा महागलं तेव्हा नवऱ्यानं व्हिडिओ कॉलवर विषय काढला. "इथं पेट्रोल आपल्यापेक्षा कितीतरी स्वस्त, तरी मी कंपनीच्या बसनं जातो. तू पण एसटीनं जा."

"तुमची बस तुम्हाला दारातून नेते," मी म्हटलं. "माझी एसटी धक्क्यावर पोचते तेव्हा बोट सुटलेली असते. उशिराची बोलणी मला खावी लागतात."

त्याच्या खोलीतल्या फिलिपिनो सोबत्यानं काय झालं ते विचारलं आणि ऐकून हसला. त्याच्या देशातही पेट्रोल महाग आहे, म्हणाला, आणि त्याची बायको रोज मोटारसायकलवरच कामाला जाते.

त्या वर्षी मी नवी साडी घेतली नाही, पण टाकी रिकामी ठेवली नाही.

रजेवर आल्यावर पहिल्याच सकाळी नवऱ्यानं हात पुढं केला. "चावी दे, मी सोडतो."

"मला रस्ता पाठ आहे. यायचं तर मागं बसा."

तो बसला. धक्क्यावर ओळखीची माणसं टक लावून बघत होती. बघू देत, म्हटलं, आणि गाडी बोटीवर चढवली.